ट्रिस्टन आणि पिटकेर्न : आठ तासांच्या फरकात काय काय मावतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण अटलांटिकमधलं ट्रिस्टन द कुन्या आणि दक्षिण पॅसिफिकमधलं पिटकेर्न ही दोन्ही बेटं ब्रिटनच्या अखत्यारीतली, दोन्हीकडे विमानतळ नाही, दोन्हीकडे माणसं मोजकीच. त्यांच्या घड्याळांत आठ तासांचा फरक आहे. मग तिथल्या माणसांच्या रोजच्या दिवसात काय फरक पडतो? आणि दोन्हीकडच्या लोकांना एकाच वेळी बोलतं करायचं असेल तर वेळ कोणती धरावी?

दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. ट्रिस्टनची वेळ म्हणजे यूटीसी, म्हणजे जगभरची घड्याळं जिच्यावरून मोजतात ती ग्रीनिचची वेळ, ज्याला आम्ही जहाजावरची जुनी माणसं अजून जीएमटीच म्हणतो. पिटकेर्न त्याच्या आठ तास मागे. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे ढकलायची भानगड दोघांकडेही नाही, त्यामुळे हा फरक बारा महिने आठच राहतो. ट्रिस्टनला दुपारचे चार वाजतात तेव्हा पिटकेर्नला सकाळचे आठ. ट्रिस्टनचे चार ते सात, म्हणजेच पिटकेर्नचे आठ ते अकरा, हा पट्टा धरा. भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ ते साडेबारा असतील. जागरण तुम्हाला करावं लागेल, त्यांना नाही.

पहिल्या भागाला मात्र वेळ लागेल, कारण ‘आठ तास’ हा आकडा त्या दोन गावांबद्दल फार थोडं सांगतो.

माझी बरीच वर्षं जहाजांच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत गेली, त्यातली काही पर्यटकांना दूरच्या बेटांवर नेणाऱ्या जहाजांवर. सेकंड ऑफिसर म्हणून जहाजावरची घड्याळं मागेपुढे करायचं काम माझ्याकडे असायचं. पश्चिमेकडे निघालं की दर काही दिवसांनी रात्री घड्याळ तासभर मागे, पूर्वेकडे निघालं की पुढे. घड्याळ मागे घेतलं की खलाशी खूश, पुढे केलं की सकाळी सगळ्यांची तोंडं वाकडी. ब्रिजवरचं एक घड्याळ मात्र कधी हलत नाही, ते कायम जीएमटी दाखवतं. ट्रिस्टनला पोचलो की जहाजाचं घड्याळ आणि ते घड्याळ एकच वेळ दाखवायला लागतात. नेव्हिगेशनवाल्याला हा एक छोटासा आनंद असतो, बाकी कुणाला त्याचं काही नाही.

आधी सूर्याचं बघू. ट्रिस्टन साधारण १२.३ अंश पश्चिम रेखांशावर आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्याच्या हिशेबाने ते ग्रीनिचच्या ४९ मिनिटं मागे असायला हवं, पण घड्याळ ग्रीनिचचंच लावलंय. म्हणजे डोक्यावर सूर्य येतो तो पाऊण-एकच्या सुमारास. पिटकेर्न १३०.१ अंश पश्चिमेला. तिथे सूर्याच्या हिशेबाने साधारण ८ तास ४० मिनिटं मागे असायला हवं, घड्याळ आठच तास मागे आहे. तिथेही मध्यान्ह पाऊणच्या थोडी अलीकडेच. जगाच्या दोन टोकांना असलेल्या या बेटांवर घड्याळ सूर्याच्या पुढे जवळजवळ सारख्याच मिनिटांनी पळतं, हा योगायोग मला कायम गमतीचा वाटत आलाय. दोघांमधलं सूर्याचं अंतर ७ तास ५१ मिनिटं आणि घड्याळाचं ८ तास. इतका चोख मेळ मुद्दाम जमवायला गेलं असतं तर जमला नसता.

पिटकेर्नचं घड्याळ आधी साडेआठ तास मागे होतं. सूर्याशी ते जास्त प्रामाणिक होतं. १९९८ मध्ये ते अर्धा तास पुढे सरकवून पूर्ण आठवर आणलं. अर्ध्या तासाचे हिशेब बाहेरच्यांना किती छळतात ते मी ब्रिजवर पाहिलंय, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण त्या बदलाने कुणाच्या बागेतली केळी अर्धा तास लवकर पिकली नाहीत, हेही खरं.

दिवसाची लांबी मात्र दोन्हीकडे वेगळी आहे, आणि हा फरक तिथे राहणाऱ्याला घड्याळाच्या फरकापेक्षा जास्त जाणवतो. पिटकेर्न २५ अंश दक्षिणेला, मकरवृत्ताच्या थोडंसं खाली. जून महिन्यातसुद्धा साडेदहा तासांचा दिवस मिळतो आणि थंडी म्हणावी अशी नसते. ट्रिस्टन ३७ अंशांवर. तिथे जूनमध्ये उजाडायलाच आठ वाजतात आणि पावणेसहाच्या आत सूर्य मावळलेला असतो. डिसेंबरात उलट, पहाटे साडेपाचला सूर्योदय आणि रात्री आठपर्यंत उजेड. त्यात वस्तीच्या पाठीशी उभा कडा आणि त्यामागे २,०६२ मीटरचं क्वीन मेरीज पीक. ढग त्या डोंगरावर बसला की पंचांगातली सूर्योदयाची वेळ कागदावरच राहते.

आता मुख्य मुद्दा. एवढ्या छोट्या वस्तीचं घड्याळ किती तास मागे किंवा पुढे आहे, यापेक्षा ते कुणासाठी लावलंय हे बघावं. गावातल्या गावात माणसांना घड्याळ फारसं लागतच नाही. ते लागतं बाहेरच्यांशी बोलायला, आणि या दोन बेटांचे बाहेरचे वेगवेगळे आहेत.

ट्रिस्टनचं बाहेर म्हणजे दोन ठिकाणं, लंडन आणि केप टाऊन. लंडनशी हिवाळ्यात वेळ तंतोतंत एक, आणि मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर लंडन तासभर पुढे. बेटावरचे फोन लंडनच्या क्रमांकांच्या मालिकेतले आहेत, म्हणजे लावणाऱ्याला वाटावं शेजारच्या गल्लीत फोन लागतोय. केप टाऊन दोन तास पुढे, तिथेही घड्याळाचे उन्हाळी खेळ नाहीत. थोडक्यात, ट्रिस्टनचा माणूस सकाळी टेबलाशी बसतो तेव्हा ज्यांच्याशी त्याचं काम आहे ते सगळे जागे आणि कामावर असतात. ईमेलचं उत्तर त्याच दिवशी येऊ शकतं. जगातली सर्वांत एकाकी वस्ती म्हणून जिची ओळख सांगतात, तिच्यासाठी ही चैनच आहे.

पिटकेर्नचं तसं नाही. तिथलं प्रशासन वेलिंग्टनमधल्या ब्रिटिश उच्चायुक्तांमार्फत चालतं, कचेरी ऑकलंडला, चलन न्यूझीलंडचा डॉलर, जड सामान न्यूझीलंडहून येतं. आणि मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा. न्यूझीलंड पिटकेर्नच्या २० तास पुढे, तिकडच्या उन्हाळ्यात २१ तास. घड्याळात बघितलं तर तीन-चार तासांचाच फरक दिसतो, पण वार वेगळा असतो. ऑकलंडची कचेरी सोमवारी सकाळी नऊला उघडते तेव्हा पिटकेर्नवर रविवारची दुपार असते. ऑकलंडवाले शुक्रवारी संध्याकाळी पाचला दिवे बंद करतात तेव्हा पिटकेर्नवर गुरुवारचे रात्रीचे नऊ. म्हणजे पिटकेर्नचा अख्खा शुक्रवार ऑकलंडच्या शनिवारात जातो. सकाळी उठून फोन लावावा तर समोर पहाट, आणि समोरची माणसं कामावर असतात तेव्हा इथे दुपार उलटून गेलेली.

त्यात पिटकेर्नची स्वतःची एक अडचण आहे, जिचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटात आहे. तेव्हा सगळी वस्ती सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची झाली आणि विश्रांतीचा वार शनिवार ठरला. तोही घड्याळाप्रमाणे मध्यरात्री सुरू होत नाही, शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारच्या सूर्यास्ताला संपतो. आता चर्चला नियमाने जाणारे थोडेच राहिलेत आणि पूर्वीचा कडकपणाही नाही. पण आठवड्याची घडी अजून त्याच बाजूला झुकलेली आहे. शुक्रवार ऑकलंडने घेतलेला, शनिवार परंपरेने घेतलेला, आणि रविवारी दुपारी ऑकलंडचा सोमवार येऊन टपकतो. कचेरीच्या कामाचे असे पाच सरळ दिवस त्यांना मिळणं अवघडच.

एक गोष्ट अजून, हिशेब करणाऱ्याला चक्रावणारी. १८५६ मध्ये पिटकेर्नवरचे झाडून सगळे लोक नॉरफोक बेटावर नेऊन वसवले होते. काही कुटुंबांना तिथे करमेना, ती १८५९ आणि १८६४ मध्ये परत आली. बाकीची तिकडेच राहिली. आडनावं आजही दोन्हीकडे तीच सापडतात. पण नॉरफोक वाररेषेच्या पलीकडे, पिटकेर्नच्या १९ तास पुढे, आणि तिकडे उन्हाळी वेळ लागली की २०. एकाच घराण्याच्या दोन फांद्या, आणि वार क्वचितच जुळतात. सणसुद्धा वेगळे : पिटकेर्नचा बाउंटी डे २३ जानेवारीला, १७९० मध्ये ‘बाउंटी’ जहाज बळकावून इथे आलेल्या बंडखोरांनी ते जाळलं त्याच्या आठवणीचा. नॉरफोकचा ८ जूनला, ते तिथे उतरले त्या दिवसाचा.

रोजच्या दिवसाकडे वळतो.

ट्रिस्टनवर सव्वादोनशेच्या आसपास माणसं, सगळी एकाच वस्तीत. नाव एडिनबर्ग ऑफ द सेव्हन सीज, बोलताना नुसतं ‘सेटलमेंट’. उत्पन्नाचा मोठा वाटा शेवंडांचा. आपल्या शेवंडीच्याच नात्यातली पण थंड पाण्यातली जात. मासेमारीचा दिवस कधी, हे कॅलेंडरवर लिहिलेलं नसतं. पहाटे अंधारात अनुभवी माणूस समुद्र आणि वारा बघतो आणि जमण्यासारखं असेल तर घंट बडवतो. तिला ते ‘डाँग’ म्हणतात. ती वाजली की तो दिवस शेवंडांचा. सरकारी नोकरीतली जी माणसं होडीवर जातात ती त्या दिवशी नोकरीवर नसतात. संध्याकाळी होड्या परतल्या की प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात काम सुरू होतं, ते माल संपेपर्यंत. तो रात्री नऊला संपतो की मध्यरात्री, हे पिंजऱ्यांत किती सापडलं त्यावर.

त्यामुळे बाहेरून फोन करणाऱ्यासाठी एक उफराटा नियम तयार होतो. ट्रिस्टनवर हवा छान, समुद्र शांत असेल तर कुणी भेटणार नाही. वादळ असेल तर सगळे घरी. मला हे कळायला दोन फेऱ्या लागल्या.

घंट वाजली नाही तरी माणसं बसून नसतात. वस्तीपासून तीनेक किलोमीटरवर ‘पॅचेस’ म्हणून बटाट्यांची शेतं आहेत, दगडी बांधांनी वेढलेले तुकडे. जमीन सामायिक, पण प्रत्येक घराचे आपापले वाफे. मेंढ्या किती पाळायच्या यालाही घरटी मर्यादा. वर्षाची विभागणीही अशीच कामांनी होते : नाताळाच्या सुमारास मेंढ्या कातरायच्या, मग बटाटे काढायचे, पुढे कधीतरी ‘रॅटिंग डे’ म्हणजे शेतातले उंदीर मारायचा सामुदायिक दिवस. तो सुट्टीसारखाच साजरा होतो.

पिटकेर्नवर पन्नाससुद्धा माणसं नाहीत. बेट साडेचार चौरस किलोमीटरांच्या जरा वर, वस्ती ॲडम्सटाऊन, बंदर म्हणावं तर बाउंटी बे. तिथून वर चढणारा रस्ता ‘हिल ऑफ डिफिकल्टी’, आता तो चारचाकी क्वाड बाइकवरून चढतात. इतक्या थोड्या माणसांत एकाने एकच काम करून भागत नाही. टपाल बघणारा दुपारी दुसऱ्या खात्याचा असतो आणि जहाज आलं की लाँगबोटीवर, म्हणजे जहाजापर्यंत जाणाऱ्या गावच्या मोठ्या होडीवर. पूर्वी गावातली घंटा किती ठोके देते यावरून कुठल्या कामाला जमायचं ते कळायचं. मग घरोघरी व्हीएचएफ रेडिओ आले. आम्ही जहाजावरून हाक मारली की एकाला मारलेली हाक गावभर ऐकू जायची, हे लक्षात ठेवून बोलावं लागे.

पिटकेर्नचा नेहमीचा दिवस मला ट्रिस्टनपेक्षा मोकळा वाटला. बाग, मधमाश्या, मिरोच्या लाकडावरचं कोरीवकाम, थोडी मासेमारी. हे लाकूड आणायला ते शंभर सागरी मैलांहून लांब हेंडरसन बेटावर जातात. पिटकेर्नचा मध आणि टपाल तिकिटं दोन्ही प्रसिद्ध. इथे ट्रिस्टनसारखी पहाटेची घंट नाही. त्याऐवजी जहाजाचा दिवस आहे. प्रवासी जहाज येणार म्हटलं की सगळं गाव सामान बांधून लाँगबोटीत बसतं आणि जहाजावर दुकान मांडतं. त्या दिवशी कुणाशी बोलायचं ठरवलं असेल तर विसरा.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो, कारण तिच्यात वेळेचा सगळा घोळ आहे. आम्ही न्यूझीलंडहून पूर्वेकडे निघालो होतो. वाररेषा त्या दिशेने ओलांडली की एक वार दोनदा येतो, आणि आमच्या जहाजावर त्या आठवड्यात दोन गुरुवार आले. मी पिटकेर्नला निरोप पाठवला की ‘पुढच्या गुरुवारी सकाळी आठला पोचू’. निरोप लिहिला तो पहिल्या गुरुवारी. पलीकडून शांतपणे उत्तर आलं : कुठल्या गुरुवारी? तुमच्या की आमच्या? त्यांच्यासाठी हा प्रश्न रोजचाच होता. तेव्हापासून मी वाराचं नाव एकटं लिहीत नाही. तारीख, यूटीसी वेळ, आणि त्यापुढे बेटाची स्थानिक वेळ, असं तिन्ही लिहितो.

पिटकेर्नला जायचा नेहमीचा रस्ताही असाच आहे. ताहितीची वेळ यूटीसीच्या दहा तास मागे. तिथून विमानाने गॅम्बिए बेटांतल्या मांगारेव्हाला जायचं, ते नऊ तास मागे. पुढे सिल्व्हर सपोर्टर या जहाजाने दीडेक दिवस, आणि पिटकेर्न आठ तास मागे. प्रत्येक टप्प्याला घड्याळ एक तास पुढे. प्रवासी निघतो ऑकलंडहून, आणि ताहितीला उतरतो तो बहुधा निघाला त्याच्या आदल्या तारखेला.

ट्रिस्टनचा प्रवास घड्याळाच्या दृष्टीने सोपा आणि शरीराच्या दृष्टीने अवघड. केप टाऊनहून २,८०० किलोमीटर, साधारण आठवडाभर, आणि सगळ्या प्रवासात घड्याळ फक्त दोन तास मागे. वर्षातून थोड्याच फेऱ्या होतात. दक्षिण आफ्रिकेचं एस. ए. अगुल्हास-२ गॉफ बेटावरच्या हवामान केंद्राचं सामान घेऊन सप्टेंबरच्या सुमारास येतं तेव्हा ट्रिस्टनलाही थांबतं. खरी गंमत पोचल्यावर. बंदर इतकं लहान की जहाज बाहेर नांगर टाकतं आणि माणसं-सामान छोट्या नौकांनी आत जातं. लाट असेल तर तेही नाही. आम्ही एकदा दोन दिवस समोर गावातले दिवे बघत उभे होतो. रोज सकाळी रेडिओवर विचारायचं, रोज तेच उत्तर : आज नाही. तिसऱ्या दिवशी निघून जावं लागलं. प्रवाशांनी त्या बेटाची वेळ दोन दिवस मनगटावर बांधली, पण पाय काही लागला नाही.

१९६१ मध्ये ट्रिस्टनवर ज्वालामुखी फुटला आणि सगळ्यांना इंग्लंडला न्यावं लागलं. तिथे घरं होती, नोकऱ्या होत्या, दुकानं होती. परत जायचं का यावर मत घेतलं तेव्हा १४८ जणांनी हो म्हटलं, ५ जणांनी नाही. १९६३ मध्ये बहुतेक सगळे परतले. परतण्याची कारणं अनेक असणार, घर आणि जमीन ही त्यातली मोठी. पण पहाटेची घंट ऐकून दिवस ठरवणाऱ्याला कारखान्याच्या भोंग्यावर जगणं जड गेलं असेल, असं मला माझ्या धंद्यामुळे वाटतं. जहाजावर बारा तास वॉच, म्हणजे पाळी करणाऱ्यालासुद्धा किनाऱ्यावरची दहा ते पाच नोकरी सहन होत नाही.

तर तुमच्या संभाषणाचं असं करा. मंगळवार किंवा बुधवार धरा. त्या दिवशी यूटीसी सतराला ट्रिस्टनवर संध्याकाळचे पाच आणि पिटकेर्नवर त्याच तारखेचे सकाळचे नऊ असतात. वार दोघांचाही तोच राहतो, ही या जोडीची मोठी सोय आहे. तुमच्याकडे मात्र रात्रीचे साडेदहा, आणि आणखी उशीर झाला तर तारीख बदलणारी तुमची असेल. पिटकेर्नवाल्यांना आधी विचारा की त्या आठवड्यात जहाज कधी आहे. ट्रिस्टनवाल्यांना तारीख विचारून उपयोग नाही, त्यांना लागोपाठ दोन पर्यायी दिवस द्या आणि आदल्या दिवशी हवेचा अंदाज बघा. पहिल्या दिवशी समुद्र सपाट दिसत असेल तर सरळ दुसऱ्या दिवसाची तयारी ठेवा. जुलैपासूनचे काही महिने शेवंडांच्या मोसमाचे आहेत, त्यात ही खबरदारी जास्त घ्यावी लागेल. आणि ३१ डिसेंबरची संध्याकाळ चुकूनही मागू नका. ट्रिस्टनवर ती ‘ओल्ड इयर्स नाइट’ असते, मुखवटे घातलेले ‘ओकालोलीज’ घरोघरी फिरून लोकांना घाबरवत असतात, फोन उचलायला कुणी जागेवर नसतं. पिटकेर्नवर तेव्हा जुन्या वर्षाची दुपारसुद्धा झालेली नसते.